ती आकाशी फुली

मैत्रिणींनो, रात्री अकरानंतर पोराच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसला की आईच्या डोक्यात जे जे येतं, ते सगळं त्या रात्री माझ्याही डोक्यात आलं. अकरावीची वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. संध्याकाळीच म्हणाला होता, ‘आज लवकर झोपतो.’ आणि आता हा उजेड! मी तरातरा उठले आणि दार ढकललं.

संगणकावर त्याचा तो बंदुकीचा खेळ उघडा होता. पण गंमत म्हणजे कुणी पळत नव्हतं, गोळ्यांचा आवाज नव्हता. पडद्यावर नुसती एक मातकट भिंत आणि तिच्यावर मधोमध एक इवलंसं अधिकचं चिन्ह. चिरंजीव त्या चिन्हाकडे टक लावून बघत होते. जरा लांब करायचे, परत आखूड करायचे. जाड करायचे, बारीक करायचे.

‘काय चाललंय हे?’

‘खेळत नाहीये गं आई. सेटिंग करतोय.’

‘कसलं सेटिंग, रात्री साडेअकराला?’

‘क्रॉसहेअरचं.’

आता हसावं की रडावं? खेळत असता तर निदान रागवायला नीट कारण तरी होतं! तेवढ्यात हेही उठून आले. ‘पेपरात फुल्या मारण्याची तयारी चाललीय वाटतं,’ असं म्हणून परत झोपायला गेले. मी मात्र गेले नाही. का कोण जाणे, पण त्या दिवशी मी स्टूल ओढलं आणि म्हटलं, ‘दाखव बघू, काय आहे ते.’

खरं सांगू? मी बचत गटाचं काम करते, आमच्या समुपदेशन केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते. तिथे येणाऱ्या आयांना मी नेहमी सांगते, ‘मुलांच्या जगात डोकावा.’ पण माझ्याच घरात, दहा पावलांवर, माझा मुलगा तीन वर्षं काय खेळतोय हे मी कधी बसून बघितलं नव्हतं. बंद कर, जेवायला ये, डोळे जातील, एवढंच आमचं त्या विषयावरचं बोलणं.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. खेळाचं नाव व्हॅलोरंट. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीनं तो जून २०२० मध्ये आणला. तसा हा प्रकार नवा नाही. काउंटर-स्ट्राइक नावाचा याचा थोरला भाऊ १९९९ पासूनचा, म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीचा! पाच जणांविरुद्ध पाच जण. एक बाजू ठरलेल्या जागी स्फोटक नेऊन लावायला बघते, दुसरी अडवते. जो संघ आधी तेरा फेऱ्या जिंकेल त्याचा डाव. एक डाव अर्धा-पाऊण तास सहज चालतो. मधेच उठलं तर बाकीच्या चौघांचा डाव बिघडतो आणि उठणाऱ्याला काही काळ पुढचा डाव मिळत नाही. ‘आई, पाच मिनिटं’ म्हणून पोरगं अर्धा तास का येत नाही, हे कोडं मला त्या रात्री उलगडलं. आता आमच्याकडे ‘ऊठ लगेच’ नाही, ‘हा डाव संपला की ऊठ, नवा लावायचा नाही’ असा नियम आहे. भांडणं निम्म्यावर आलीत.

आणि ती फुली? (चिन्ह अधिकचं असलं तरी यांनी पाडलेलं फुली हेच नाव आमच्या घरात रुजलंय.) बंदुकीची गोळी कुठे जाणार हे दाखवणारी ती खूण. ती कायम पडद्याच्या मधोमध. माउस हलवला की फुली हलत नाही, तिच्यामागचं सगळं जग सरकतं. आणि ही फुली प्रत्येकाला आपल्या मनासारखी करता येते. रेघांची लांबी, जाडी, मधली फट, मध्यभागी ठिपका हवा की नको, भोवती काळी कड हवी की नको, रंग कोणता, तो गडद की फिका... एका चिमुकल्या खुणेला किती ते कंगोरे!

‘पण एवढं कशाला? जाडजूड एकच करायची, दिसायला बरी.’ माझा आपला बाळबोध प्रश्न.

‘अगं, लांबचा माणूस पडद्यावर मुगाच्या दाण्याएवढा दिसतो. फुली जाड असली तर त्याचं डोकंच तिच्याखाली झाकून जातं. आणि फार बारीक केली तर उजेडाच्या भिंतीवर फुलीच हरवते. मग नेम धरायचा कुठे?’

पटलं बाई! मग त्यानं आणखी एक गंमत दाखवली. एक सेटिंग चालू केलं की खेळातला माणूस धावायला लागल्यावर फुलीच्या रेघा आपोआप फाकतात. कारण धावताना मारलेली गोळी नेमकी लागत नाही, इकडेतिकडे जाते. थांबलं की रेघा परत जवळ येतात. नव्या खेळाडूंनी हे चालू ठेवावं म्हणे, म्हणजे ‘आधी थांब, मग मार’ ही सवय लागते. मुरलेले खेळाडू ते बंद करतात. त्यांना थांबायचं कधी ते अंगवळणी पडलेलं असतं, आणि सारखी हलणारी फुली डोळ्यांना त्रास देते. सरावासाठी खेळातच एक वेगळं मैदान आहे. तिथे पुतळे उभे असतात, कुणी उलटून मारत नाही. फुली बदलायची, पुतळ्यांवर करून बघायची, पुन्हा बदलायची. आपण शिलाई मशीनवर आधी चिंधीवर टीप घालून दोऱ्याचा ताण बघतो ना, अगदी तसंच.

मोठमोठ्या खेळाडूंच्या फुल्याही या पोरांना पाठ असतात. २०२२ पासून खेळात अशी सोय आहे, की फुलीचं सगळं माप एका सांकेतिक ओळीत येतं. ती ओळ मित्राला पाठवायची, त्यानं चिकटवली की तीच फुली त्याच्याकडे. टेन्झ नावाचा कॅनडाचा एक खेळाडू आहे. २०२१ मध्ये आइसलंडला झालेली मोठी स्पर्धा त्याच्या संघानं जिंकली होती. त्याची फुली लाखो पोरांनी उतरवून घेतली असेल. ‘मग तू का नाही घेत तीच?’ तर म्हणतो, ‘घेतली होती. पण त्याचे डोळे वेगळे, त्याचा पडदा वेगळा, तो बसतो वेगळा. आपली आपणच करावी लागते.’ शेजारणीच्या हातची आमटी तिच्या मापानं केली तरी आपल्याकडे तशी होत नाही, हे या सतरा वर्षांच्या पोराला खेळातून कळलं होतं. मला कौतुक वाटलं.

आणि मग मी सहज म्हटलं, ‘रंग असला फिकट आकाशी काय घेतलास? छान लालभडक घे की. चटकन दिसेल.’

तो क्षणभर गप्प बसला. मग म्हणाला, ‘लाल मला नाही गं दिसत नीट. या असल्या भिंतीवर तर नाहीच.’

आधी मला वाटलं, पडद्याचं काहीतरी असेल. पण त्यानं दुसरं एक पान उघडलं. या खेळात शत्रूच्या अंगाभोवती एक बारीक रंगीत कड असते, म्हणजे तो ओळखू यावा. ती मुळात लाल असते. याच्याकडे ती पिवळी होती. आणि त्या पिवळ्या रंगापुढे एक लांबलचक इंग्रजी शब्द होता, ड्युटरॅनोपिया.

‘हे काय रे?’

‘ज्यांना लाल-हिरवा नीट कळत नाही त्यांच्यासाठी आहे ते. मला त्यात बरं दिसतं. लोटस म्हणून एक मैदान आहे, आपल्या पश्चिम घाटात दाखवलंय, सगळीकडे झाडोरा. तिथे लाल कड असली की मला समोरचा माणूस दिसायचाच नाही. पोरं ओरडायची, अरे समोर उभा आहे, मार! मला वाटायचं आपलाच खेळ वाईट.’

मैत्रिणींनो, त्या स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांसमोरून काय काय सरकलं! तिसरीतलं चित्र. झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून बाईंनी शेरा दिला होता, ‘लक्ष नाही.’ मीही घरी आल्यावर दोन धपाटे घातले होते. बाजारात पाठवलं तर कडचे टोमॅटो घेऊन येणारा, ‘पिकलेले बघून घे’ म्हटलं की गोंधळणारा माझा लेक. चार्जरचा दिवा लाल आहे की हिरवा हे बहिणीला विचारणारा. सतरा वर्षं आम्ही सगळे त्याला एकच शब्द वापरत आलो, धांदरट.

पुढच्या आठवड्यात आम्ही मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं. शिनोबु इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये हे तक्ते प्रसिद्ध केले. शंभर वर्षं झाली तरी जगभर तेच वापरतात. पहिल्या पानावरचा १२ आकडा त्यानं लगेच वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो म्हणे. पुढच्या एका पानावर मला स्पष्ट ७४ दिसत होते. त्यानं वाचलं, २१. काही पानांवर तर तो म्हणाला, ‘इथे काही नाहीये.’ मी शेजारच्या खुर्चीत बसून तोच कागद बघत होते. माझ्या मुलाचं जग आणि माझं जग वेगळ्या रंगांचं आहे, हे मला असं कळलं.

मी डॉक्टरांना त्या पिवळ्या कडेचं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘नुसतं पिवळी कड निवडली म्हणजे रंगांधळेपणा, असं नाही हं. उठून दिसते म्हणून नजर चांगली असलेली मुलंही ती निवडतात. खरं-खोटं हे पुस्तकच सांगतं.’ हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर उद्या सगळ्याजणी पोरांची फुली बघून घाबरायच्या!

त्यांनी सोप्या शब्दांत कारणही सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यातल्या लाल आणि हिरव्यासाठीच्या पेशींचा आराखडा एक्स या गुणसूत्रावर असतो. मुलाकडे एक्स एकच, आणि तो आईकडून येतो. आईकडे दोन. एकात दोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून आईला सगळे रंग व्यवस्थित दिसतात. पण तो दोषाचा एक्स मुलाकडे गेला तर त्याच्याकडे सांभाळून घ्यायला दुसरा नसतो. म्हणूनच हा दोष पुरुषांमध्ये इतका जास्त. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण बारा पुरुषांत एक आणि दोनशे बायकांत एक. जन्मापासूनचा हा प्रकार वाढत नाही, पण बराही होत नाही. औषध नाही, ऑपरेशन नाही. पूर्ण काळं-पांढरं दिसतं अशीही स्थिती नसते. काही रंग एकमेकांत मिसळतात, एवढंच.

घरी येऊन सांगितलं, तर सासूबाई पटकन बोलून गेल्या, ‘म्हणजे तुझ्या माहेरचंच की गं.’ मनाला लागलं. खोटं कशाला बोलू? पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले माझे अण्णा. ते शिक्षक होते. पेपर तपासायच्या लाल पेनाच्या टोपणाला ते नेहमी दोरा बांधून ठेवायचे, शेजारच्या हिरव्याशी गल्लत नको म्हणून. आम्ही बहिणी म्हणायचो, अण्णांची शिस्त! आंबा पिकला की नाही हे ते वास घेऊन, दाबून बघायचे. आईनं हिरवी साडी नेसली की ‘ही तपकिरी छान दिसते’ म्हणायचे आणि आई त्यांची थट्टा करायची. अण्णा गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांना जन्मभर कळलंच नाही, आणि आम्हालाही. बापाला हा दोष असेल तर त्याच्या सगळ्या मुली तो पुढे नेणाऱ्या असतात, त्यांना स्वतःला काही त्रास नसला तरी. मी दुसऱ्याच दिवशी बहिणीला फोन केला. तिच्या दोन मुलांपैकी धाकट्याला तोच दोष निघाला. तो अजून चौथीत आहे. त्याच्या वर्गशिक्षिकेला तिनं जाऊन सांगितलं, आता त्याच्या रंगपेटीतल्या प्रत्येक खडूवर रंगाचं नाव चिकटवलेलं आहे. निदान त्याला तरी धपाटे बसणार नाहीत.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र पुढेच होती. माझ्या लेकाला लहानपणापासून रेल्वेचं वेड. मिरज जंक्शन जवळ, त्यामुळे सुट्टीतली आमची सहल म्हणजे फलाटावर बसून गाड्या बघणं. आठवीपासून ठरलेलं होतं, इंजिन चालवायचं, लोको पायलट व्हायचं. आणि त्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत रंगांची नजर निर्दोष लागते. लागणारच. लाल-हिरव्या सिग्नलवर शेकडो माणसांचा जीव अवलंबून असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी त्याला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. तर तोच म्हणाला, ‘आई, मला थोडं माहीत होतं गं. दहावीपासून. त्या सेटिंगमध्ये तो शब्द वाचला, मग शोधून बघितला. पण तपासलं असतं तर रेल्वेचं संपलंच असतं ना. म्हणून बोललो नाही.’

दीड वर्षं हे ओझं त्यानं एकट्यानं वागवलं होतं. मला ते सांगता आलं नाही, आणि एका खेळाला मात्र सांगता आलं. कारण खेळानं त्याला विचारलं होतं, तुला कोणता रंग नीट दिसतो? तुझ्यासाठी कोणता ठेवू? त्यात ना राग होता, ना थट्टा. तिथे आठ रंगांची यादी होती आणि त्यातला आपला निवडायचा होता. शाळेत त्याचे डोळे तपासले गेले होते, नाही असं नाही. पण भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून. दूरचं वाचतो ना, झालं. रंगांचं त्याला कुणीच विचारलं नाही. त्यात मीही आलेच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, या बंदुकीच्या खेळाची वकिली करायला लागल्या. तसं मुळीच नाही. मला आजही तो खेळ आवडत नाही. माणसं मारण्यात कसली मजा, हा माझा प्रश्न कायम आहे. युरोपात हा खेळ सोळा वर्षांवरच्या मुलांसाठी मानला आहे, मग आपल्या पाचवी-सहावीतल्या पोरांनी तो खेळावा असं मी कशी म्हणेन? त्यात बंदुकीला नवनवे रंगीबेरंगी साज चढवायला पैसे मोजावे लागतात, तो मोह वेगळाच. (फुली मात्र फुकट, हे बरं!) आमच्या घरी साजाला एक रुपया मिळत नाही आणि शाळा-कॉलेजच्या दिवशी दोन डावांच्या वर खेळायचं नाही, हे पक्कं आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांचा तर प्रश्नच नाही. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. ई-स्पोर्ट्स, म्हणजे अशा कौशल्याच्या स्पर्धा, त्याच कायद्यात वेगळ्या धरल्या आहेत. दोन्हींची गल्लत करून पोरांना ‘जुगारी’ म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आणि प्रत्येक खेळणारं पोर व्यसनी असतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या व्यसनाला आजार मानलं आहे हे खरं. पण त्याची खूणही सांगितली आहे. खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालू राहणं. तसं असेल तर जरूर तज्ज्ञांकडे जा. पण मुलगा पाऊण तास फुली लहान-मोठी करत बसला म्हणजे तो बिघडला, असं ठरवण्याआधी एकदा विचारा तरी, की का करतोयस?

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिचा मुलगा भरतीसाठी दोन वर्षं पहाटे उठून पळत होता. लेखी झाली, मैदानी झाली, गावात पेढे वाटून झाले. आणि वैद्यकीय तपासणीत रंगांवर अडला. मुलगा महिनाभर घराबाहेर पडला नाही. आणि नातेवाईकांनी सगळा दोष ठेवला तो आईवर! ‘तुझ्यामुळे पोराची नोकरी गेली.’ ती माझ्यापुढे बसून रडत होती, ‘ताई, मी काय केलं हो?’ तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. तू काहीही केलं नाहीस. डोळ्यांचा रंग, नाकाचा आकार जसा येतो तसंच हेही येतं. मागून घेता येत नाही आणि नाकारताही येत नाही. आणि माहेरचं म्हणायचं तर मुलाचे टपोरे डोळे, त्याचा गोड गळा हेही माहेरचंच असतं. तेव्हा ‘तुमच्याकडचं’ म्हणून कुणी श्रेय देतं का हो?

त्या मुलाला हे विसाव्या वर्षी कळलं, तेही सगळं जिंकल्यावर. सहाव्या वर्षी कळलं असतं तर त्यानं दुसरी वाट धरली असती. वाटा आहेत की! जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला, सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना आता गाडीचा परवाना मिळू शकतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला अशा विद्यार्थ्यांना मज्जाव होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो दूर केला. आणि जॉन डाल्टन, अणुसिद्धान्त मांडणारा इंग्लंडचा मोठा शास्त्रज्ञ, त्याला स्वतःलाच हा दोष होता. १७९४ मध्ये त्यानंच यावर पहिला शास्त्रशुद्ध निबंध वाचला. रंग कमी दिसले म्हणून बुद्धी कमी होत नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. पहिलीत नाव घालताना मुलांची अक्षरांबरोबर रंगांचीही नजर तपासली जावी. ते ठिपक्यांचं पुस्तक काही फार महाग नाही, एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. आकडे येत नसतील अशा लहानांसाठी बोटानं वाट गिरवायची पानंही त्यात असतात. महिला मंडळांनी, बचत गटांनी, पालक सभांनी आपापल्या शाळेत हा विषय काढावा. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना वर्षातून एक दिवस मागावा. आमच्या गटानं या जूनमध्ये दोन शाळांपासून सुरुवात केली आहे. आणि ज्या मुलात दोष निघेल त्याच्या आईला निरोप देताना शब्द जपून वापरायचे, हेही आम्ही ठरवलंय.

माझा लेक आता बारावीत आहे. रेल्वे सुटली नाही म्हणतो, इंजिन नसलं तर नसलं, रेल्वेत आणखी कितीतरी कामं असतात. कुठल्या कामाला कोणती नजर लागते, याची यादी काढून बसलाय. मला वाईट वाटतं, त्यालाही वाटत असणार. फलाटावर गेलो की इंजिन सुटताना तो जरा जास्तच गप्प असतो. मी काही बोलत नाही, नुसती शेजारी उभी राहते.

तुमच्या घरातही संध्याकाळी कुणीतरी पडद्यासमोर बसेल. हाक मारण्याआधी एकदा स्टूल ओढून शेजारी बसा. ती मधली फुली कोणत्या रंगाची आहे ते बघा आणि विचारा, ‘हाच रंग का रे घेतलास?’ बहुतेक वेळा उत्तर साधंच असेल, ‘आवडला म्हणून.’ मग निवांत चहा प्या. पण एखाद्या घरात उत्तर वेगळं येईल. ते ऐकायला आपण तिथे असलं पाहिजे.